आबांचा ठेवा : प्रकल्प नोंदी

17 नोव्हेंबर 2024

काय काय जपायचं ते आज ठरलं. हत्यारांची सागवानी पेटी आणि तीतली हत्यारं, लाकडी पाळणा, जुन्या घराच्या माजघराची चौकट, कामाच्या सात वह्या, पलटणीची कागदपत्रं, पत्रं, मेडलं. जुनं घर वैशाखात उतरवायचं असल्यामुळे चौकटीला मुदत आहे. बाकीचं सावकाश चालेल.

पुढे ही यादी वाचणाऱ्या नातवंडा-पतवंडांसाठी: आबांचा जन्म 1941 चा. 1960 साली खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराची इंजिनिअर पलटण, तिचा जवान तो सॅपर) सुतार म्हणून भरती, 1976 साली हवालदार म्हणून निवृत्त. त्यानंतर कोरेगाव तालुक्यातल्या आपल्या गावी नांगर, कुळव, गाडीच्या जुवापासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं काम. गेल्या श्रावणात गेले.

नियम एकच ठेवला आहे. जिथं आबांच्या हाताची खूण आहे तिथं सँडपेपर, कानस किंवा पॉलिश लागणार नाही. पेन्सिलीची रेघ, पटाशीचा घाव, मुठीला पडलेला खळगा, हे सगळं त्यांनी लिहून ठेवल्यासारखंच आहे. घासून लख्ख केलेली पेटी दिसायला छान दिसेल, पण ती कुणाचीही असेल.

24 नोव्हेंबर

पेटी उघडली. बाहेरून 36 × 18 × 16 इंच, फळी सहा सुती (आठ सूत म्हणजे एक इंच), चारही कोपऱ्यांना डव्हटेल, म्हणजे पंख्यासारखे दाते एकमेकांत गुंतवलेले सांधे. कोपऱ्यात एकही खिळा नाही. दोन्ही बाजूंना काथ्याच्या दोरीचे कान. समोर पांढऱ्या रंगात स्टेन्सिलने मारलेला पलटणीचा नंबर. फोटो कुठेही देताना हा नंबर झाकायचा.

वस्तू काढण्याआधी प्रत्येक थराचा वरून फोटो घेतला. हत्यार पेटीत कुठं ठेवलेलं होतं त्यावरून ते किती लागायचं ते कळतं. दोन मोठे रंधे, गुण्या आणि चार सुती पटाशी सगळ्यात वर. बैलगाडीच्या चाकाची हत्यारं तळाला, कारण रबरी चाकं आल्यावर तुंबा आणि आरे करणं थांबलं. प्रत्येक वस्तूला सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधली. रबरबँड आणि चिकटपट्टी वापरायची नाही. रबर दोन उन्हाळ्यांत वितळून धातूला चिकटतं आणि त्यातल्या गंधकाने पितळ-तांबं काळं पडतं.

झाकणाच्या आतल्या अंगाला वर्तमानपत्रातला एक फोटो डकवलेला आहे: रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचेच अधिकारी. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला म्हणून परमवीर चक्र मिळालेले. सॅपरच्या पेटीत त्यांचा फोटो असणारच. कागद सरसाने चिकटवलेला आहे. तो सोडवायचा मोह टाळावा, वर्तमानपत्राचा जुना कागद ओला झाला की हातात लगदाच येतो. त्यावर आम्लरहित कागदाचं एक पान नुसतं टेकवून ठेवलं. झाकण लावल्यावर घासणार नाही.

क्रमांक 47: तपकिरीची पत्र्याची डबी. आत तांबड्या सुती दोऱ्याची गुंडाळी, दोन्ही टोकांना गाठ. उपयोग अजून कळलेला नाही. न ताणता, न उलगडता तशीच ठेवली.

8 डिसेंबर

हत्यारांची सफाई. एकूण 61 नग.

वरवरच्या तांबूस गंजासाठी रॉकेलमध्ये बुडवलेला सुती कपडा, मग सगळ्यात बारीक चार शून्यांची स्टील वूल, हलक्या हाताने, पात्याच्या लांबीच्या दिशेने. शेवटी कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात. व्हिनेगर, आम्ल आणि ग्राइंडरचा तारेचा ब्रश या तिन्ही गोष्टी वर्ज्य. गंज जातो, पण त्याबरोबर पात्यावरचे ठसेही जातात.

याचं उदाहरण आज हातात आलं. दहा सुती पटाशीच्या मानेवर तिरक्या उजेडात एक छोटा बाण दिसला. हा लष्करी सामानावरचा ठसा. वहीत तिची नोंद सापडते: 1978, पुण्याचा जुना बाजार, ‘बाणाची पटाशी’. म्हणजे भंगारात निघालेला माल पैसे मोजून घेतला होता. ग्राइंडर लागला असता तर बाणही गेला असता आणि वहीतली ती ओळ कशाबद्दल आहे हेही कुणाला लागलं नसतं.

पटाश्या एक सुतापासून बारा सुतांपर्यंत (दीड इंच) नऊ. धार पाहिली तर सगळ्यांना साधारण 25 अंशांचा उतार आणि टोकाला बारीक दुसरी धार. चार सुती पटाशी मूळ लांबीच्या निम्मी उरली आहे, बाकी दगडावर झिजली. साल, म्हणजे सांध्याची चौकोनी खाच, कोरायला तीच लागते, दाराच्या चौकटीपासून पाटाच्या पायापर्यंत.

रंध्याचं लाकूड शिसवी, 14 इंच. पाचर बाभळीची. उजव्या हाताच्या तळव्याच्या जागी तीन सूत खोल खळगा पडला आहे. तेल लावताना हा खळगा कोरडाच ठेवला. तिथं घामाचा जो काळसर थर बसला आहे तो तेलाने सुटतो.

15 डिसेंबर

मोगरीच्या आणि दोन करवतींच्या मुठींत टाचणीच्या टोकाएवढी भोकं, खाली मैद्यासारखी भुकटी. हा भुंगा. बाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडात त्याला खायला पिष्ट मिळतं. सागाचा नार, म्हणजे आतलं पक्कं लाकूड, तो सहसा खात नाही, म्हणून शेजारची पेटी शाबूत राहिली.

भोकांत रॉकेल किंवा औषध सोडण्यापेक्षा थंडी बरी. डाग पडत नाही. प्रत्येक मूठ दोन पॉलिथिन पिशव्यांत, हवा दाबून काढून, घट्ट बांधून दोन आठवडे उणे 18 ते 20 अंशांवर. गावातल्या आइस्क्रीमवाल्यांनी डीप फ्रीजरचा एक कप्पा दिला. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण एक दिवस तशीच राहू द्यायची म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरतं, लाकडावर नाही. उन्हाळ्यात पुन्हा काळ्या कागदावर ठेवून बघायचं. कागदावर ताजी भुकटी पडली तर दुसरा फेरा.

5 जानेवारी 2025

कागदपत्रं. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), माजी सैनिकाचं ओळखपत्र, रजेचे दाखले, मनीऑर्डरीची कूपनं.

डिस्चार्ज बुकाची दोन पानं पूर्वी कधीतरी दुकानातून लॅमिनेट करून आणलेली आहेत. ती तशीच राहतील. लॅमिनेशन उष्णतेने कागदात मुरतं, सोडवायला गेलं की शाई प्लास्टिकबरोबर निघते. बाकीच्यांना मायलरचे (पॉलिस्टर फिल्मचे) पारदर्शक कप्पे. गंजलेल्या टाचण्या ओढून काढल्या तर कागद फाटतो; आधी टाचणीखाली मायलरची पट्टी सरकवली, मग दोन्ही टोकं सरळ केली, मग काढली.

सगळ्यात नाजूक आहेत मनीऑर्डरीची कूपनं. त्यांच्यावरचा मजकूर जांभळ्या पेन्सिलीचा आहे. या पेन्सिलीत रंग असतो. थेंबभर पाणी लागलं तरी पसरतो आणि पुसता येत नाही. ओला कपडा, ओला ब्रश, घामेजलेली बोटं, काहीच चालणार नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढून 600 डीपीआयवर रंगीत स्कॅन, टिफ फाइल. नाव आधी वर्षाने, मग महिन्याने, मग प्रकाराने, म्हणजे फोल्डर उघडताच क्रम लागतो.

कूपनावर दोन ओळींची जागा. त्या दोन ओळींत आबांनी घर चालवलं: बियाण्याचे पैसे वेगळे काढा, थोरलीला देवीची लस टोचून घ्या, आईला चष्मा करा.

19 जानेवारी

पत्रं लावली. गावांची नावं कुठेच नाहीत, लष्करी टपालात ती नसतातच. युनिटचं नाव आणि खाली 56 एपीओ किंवा 99 एपीओ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय). पश्चिमेकडची टपालं 56 वरून जात, पूर्वेकडची 99 वरून. तेवढ्यावरून आबा कुठल्या अंगाला होते याचा तक्ता तयार झाला. तारीख नसलेल्या पत्रांसाठी पोस्टाचा शिक्का भिंगाखाली बघायचा. पत्र मिळाल्याचा गावाकडचा शिक्का मागच्या बाजूला असतो आणि तो बरेचदा जास्त ठळक असतो.

खडकीच्या अभिलेख कार्यालयाला पाठवायचा अर्ज तयार आहे. त्यात नंबर, हुद्दा, भरतीचं आणि निवृत्तीचं वर्ष, आजींच्या फॅमिली पेन्शनच्या कागदाची प्रत आणि नेमकी मागणी लिहिली: कोणत्या वर्षी कोणत्या कंपनीत, कोणते ट्रेड कोर्स. ‘सगळी माहिती द्यावी’ असं लिहिलेल्या अर्जावर कुणाला काही शोधता येत नाही.

26 जानेवारी

मेडलं. पश्चिमी स्टार, रक्षा मेडल 1965, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल. गोल मेडलांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. कुठलं मेडल कुणाचं याचा तोच पुरावा, म्हणून कडेचा फोटो वेगळा काढला. पॉलिश केलेल्या मेडलांची ही अक्षरंच आधी बुजतात.

संग्राम मेडल मऊ प्लास्टिकच्या पाकिटात होतं. त्याला हिरवट चिकट थर धरला आहे. पीव्हीसीचं पाकीट तेलकट पाझरतं आणि तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवा थर आणतं. बांबूची काडी टोकदार करून तेवढाच भाग खरवडून काढला. फीत अजिबात धुतली नाही, रंग सुटतो. आता प्रत्येक मेडल न ब्लीच केलेल्या सुती कापडात, एकमेकांना न लागता.

9 फेब्रुवारी

आजींचं ध्वनिमुद्रण. माजघरातच, कारण त्यांना तिथं बोलायची सवय. भिंतींना दोन गोधड्या लावल्या, पंखा बंद, फोन विमान मोडवर, माइक हातभर अंतरावर. फाइल वॅव्ह, 48 किलोहर्ट्‌झ. एमपीथ्री नंतर कधीही करता येते, उलटं करता येत नाही.

‘आबा कसे होते’ या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच येतं: लई चांगले होते. त्यापेक्षा हाताला लागेल असा प्रश्न विचारावा. मनीऑर्डर कोण वाचून दाखवायचं? रजेवर आल्यावर पहिलं काम कोणतं? या दुसऱ्या प्रश्नावर आजी न थांबता बोलत राहिल्या: आधी चुलीजवळची फळी, मग गोठ्याचं दार, मग पोरांना घेऊन ओढ्यावर. पाळण्याबद्दलचं त्यांचं वाक्य शब्दशः लिहून ठेवतो: “ह्यांनी पाळण्याला येक खिळा मारू दिला न्हाई. म्हनायचे, खिळा आज ना उद्या वर येतो.”

प्रती तीन: घरच्या संगणकावर, हार्डडिस्कवर आणि पुण्यात आत्यांकडे.

2 मार्च

वह्या. 1976 ते 2009. डाव्या पानावर लाकूड, उजव्या पानावर मजुरी. कापीव लाकडाचा हिशेब घनफुटांत: 12 फूट × 9 इंच × 2 इंच म्हणजे दीड. गोल ओंडक्याला घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी. 48 इंच घेर आणि 10 फूट लांबी असेल तर 10 घनफूट. प्रत्यक्षात ओंडक्यात पावणेतेरा भरतं. उरलेलं साल आणि कापणीत जातं असं धरून बाजारात हाच हिशेब चालतो.

सुरुवातीच्या वहीत मजुरी बरीचशी धान्यात आहे, ज्वारीच्या पायल्यांत. 1985 नंतर पायल्या कमी होत जातात आणि रुपये वाढतात. नांगराच्या नोंदीही तशाच विरळ होतात, खिडक्या-दारं वाढतात. गावाची शेती कशी बदलली ते या सात वह्यांतून वर्षवार काढता येईल, तो वेगळा तक्ता करायचा.

घरच्या वस्तूंचीही नोंद आहे. धाकटीच्या लग्नाचा पाट, शिसवी, लाकडाची किंमत पैशांपर्यंत. मजुरीच्या रकान्यात आडवी रेघ. मुलाचं अभ्यासाचं मेज: रेघ. आजींच्या गुडघ्यांसाठी केलेला उंच चौरंग: रेघ. लाकडाचा पैसा न पैसा लिहिणाऱ्या माणसाने ही रेघ सगळीकडे पट्टी लावून मारलेली आहे. तक्त्यात या रकान्यात शून्य टाकायचं नाही, रेघच टाकायची.

16 मार्च

पाळणा सोडवला. 1966 चा, थोरल्या आत्यांसाठी रजेवर असताना केलेला. सगळे सांधे साल-कुसूचे (कुसू म्हणजे सालीत बसणारी लाकडाची जीभ), वर बाभळीच्या खुंट्या. हे काम मुद्दाम मार्चवर ठेवलं होतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंटी सालीत आवळून बसते आणि तेव्हा ठोकलं तर कुसू मुळात मोडतं. होळीनंतरच्या कोरड्या हवेत खुंट्या मागून लाकडी दांडीने हलक्या ठोकताच निघाल्या. एक अडली. तिच्याभोवती दिवसभर दिव्याची ऊब दिली, संध्याकाळी सुटली.

प्रत्येक कुसवावर आणि त्याच्या सालीशेजारी पटाशीचे घाव आहेत: एक, दोन, तीन, चार उभे, मग तिरका. कुठला पाय कुठल्या दांडीत बसतो याची खूण. हातकामात प्रत्येक सांधा आपल्याच जोडीदाराला बसतो, अदलाबदल चालत नाही. जोडताना आधी दोन बाजू, मग आडव्या दांड्या, शेवटी तळपट्ट्या. फेव्हिकॉलचा थेंबही नको. पाळणा सुटा होतो म्हणूनच तीन पिढ्या या घरातून त्या घरात गेला.

6 एप्रिल

चौकट. या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम.

माजघराच्या दाराच्या डाव्या खांबावर तिन्ही मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत, 1968 ते 1984. रेघ पटाशीच्या टोकाने, शेजारी पेन्सिलीने अक्षर आणि महिना. खांब काळा पडल्यामुळे समोरून काही दिसत नाही. रात्री दिवे घालवून टॉर्च खांबाला जवळजवळ चिकटवून आडवी धरली की सगळं वाचता येतं. असेच फोटो घेतले, शेजारी फूटपट्टी ठेवून. वर पारदर्शक फिल्म सुती नाडीने बांधून सगळ्या रेघा एकास एक उतरवल्या. खांब वाटेत मोडला तरी फिल्म राहील.

1976 पर्यंतच्या रेघा रजेच्या दाखल्यांशी ताडून पाहिल्या. एकेक महिना जुळतो. आबा घरी असत तेव्हाच रेघ पडे. 1971 च्या शिमग्यात थोरल्या आत्या 39 इंच, 1972 च्या दिवाळीत 43 इंच 4 सूत. मधे 41 इंचांवर एक रेघ आहे आणि तिच्याशेजारी लिहिलंय: ‘दोरीवरून, दि. 71’, म्हणजे दिवाळी 71.

डिसेंबर 1971 मध्ये पश्चिम सीमेवर लढाई होती. दिवाळी तिच्या आधीची, तेव्हा रजा बंद. आजींना विचारलं. त्यांनी पोरीला याच खांबाला उभं करून डोक्यापासून टाचेपर्यंत तांबडा दोरा धरला होता, दोन्हीकडे गाठ मारून पाकिटात घातला होता. “मास्तरांनी पत्ता लिवला, मी दोरा घातला.” आबांनी तो जपून परत आणला आणि त्यावरून रेघ मारली. क्रमांक 47 च्या पुढे आता तसं लिहिलं आहे. दोरा सैल ठेवून मोजला तर 40 इंच 6 सूत भरतो. दोन सुतांचा फरक राहणारच; पिळाचा सुती दोरा दमट हवेत आखडतो. तो ताणून 41 करायचा नाही.

20 एप्रिल

चौकट काढली. भिंत दगड-मातीची, दीड हात जाड. वरच्या तुळईला आधी दोन टेकू आणि पाचरा. हे न करता चौकटीला हात लावला की वरचे दगड बसतात आणि गणेशपट्टी, म्हणजे चौकटीची वरची आडवी पट्टी, मोडते. मग दाराची पानं उतरवली. रेघांच्या बाजूला मऊ धोतराची घडी, त्यावर थर्मोकोल, त्यावर प्लायवूड, सगळं नाडीने बांधून. चिकटपट्टी काढताना पेन्सिल उचलते.

चौकट भिंतीत लोखंडी पट्ट्यांनी धरलेली असते. पहार घालून उचकटली तर पट्टी खांबाचं लाकूड फाडते. पट्टीभोवतीची माती खोदून ती हॅकसॉने कापली. गणेशपट्टीची दोन्ही शिंगं भिंतीत वीतभर होती. त्यांच्याभोवतीचे दगड एकेक करून काढले. बाहेर येण्याआधी दोन तिरक्या पट्ट्या क्लॅम्पने आवळल्या, नाहीतर उंबरा सुटताच चौकट तिरकी होते आणि कोपऱ्यातले कुसू मोडतात.

उंबऱ्याजवळ दोन्ही खांब वाळवीने चार-पाच इंच खाल्ले आहेत. तो भाग कापून टाकायचा सल्ला मिळाला, ऐकायचा नाही. सगळ्या उंच्या खालून मोजलेल्या आहेत. आणि शून्य नेमकं कुठं हेही बघावं लागलं: 1981 साली माजघरात शहाबादी फरशी बसली, जमीन दोन इंच वर आली. फरशीखालच्या खांबावर सारवणाचा डाग आहे. फरशीच्या आधीच्या रेघांचं शून्य तो डाग, नंतरच्यांचं फरशी. याच हिशेबाने 41 इंच येतात. पोकळ भाग ब्रशने साफ करून आत पातळ लाखेचं द्रावण सोडलं. आकार धरून राहील.

11 मे

पेटीचा तळ. मधली फळी लांबीला चिरली आहे. आबांनी ती खाचेत सैल बसवली होती, कारण लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं. नंतर कुणीतरी तिला दोन्ही कडांनी खिळे मारले. हलायला जागा न उरल्यावर फळी उन्हाळ्यात आखडताना मधून फुटली. खिळे काढले, फळी पुन्हा सैल केली. भेगेत जुन्या सागाची चीप एकाच बाजूने सरस लावून बसवली. सरस रात्रभर गार पाण्यात भिजवला, दुहेरी भांड्यात साधारण 60 अंशांवर पातळ केला. उकळला तर त्याची पकड जाते. पुढे कुणाला दुरुस्ती करायची झाली तर गरम ओल्या फडक्याने सांधा सुटेल.

8 जून

पाऊस लागण्याआधी सगळं नव्या खोलीत. पेटी भिंतीपासून चार इंच, जमिनीपासून विटेवर. चौकट उभी न टेकवता आडवी, तीन ठिकाणी सारख्या आधारावर. हवेतला दमटपणा मोजायचं छोटं यंत्र लावलं. 65 टक्क्यांच्या वर गेलं की कागदांच्या डब्यातलं सिलिका जेल तव्यावर परतून पुन्हा भरायचं. पात्यांना महिन्यातून एकदा तेलाचा हात, खळगे सोडून. करवतीच्या मुठींखालचा काळा कागद आज कोरडा आहे.

राहिलेलं: अभिलेख कार्यालयाचं उत्तर, वह्यांपैकी पाचवी आणि सहावी स्कॅन करणं, धाकट्या आत्यांचं ध्वनिमुद्रण. त्या दिवाळीला गावी येतील तेव्हा.